पोस्टडॉकसाठी परदेशी निघण्यापूर्वी: एरंडोलहून आलेल्या पत्राला उत्तर

तुमचे पत्र दोनदा वाचले. एरंडोलहून रोज जळगावला ये-जा करत, घर आणि तीन वर्षांची मुलगी सांभाळत तुम्ही कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात कम्युटेटिव्ह अल्जिब्रा या बीजगणिताच्या शाखेतले पीएच.डी.चे काम शेवटाकडे आणले आहे आणि प्रबंध सहा महिन्यांत सादर होईल, असे तुम्ही लिहिता. त्यानंतर पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनपदासाठी, परदेशी जावे असे तुमच्या मनात आहे. घरच्यांना मात्र ‘दोन वर्षांची ती कसली नोकरी’ असे वाटते आणि तासिका तत्त्वावर का होईना, जवळच्या महाविद्यालयात लागावे असा त्यांचा आग्रह आहे. कोणत्या फेलोशिपसाठी अर्ज करावा, केव्हा करावा आणि पती व मुलीसह तिथे निभेल का, हे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी चोपडा तालुक्यातली. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात बी.एस्सी. करून पुढे पुण्यात पीएच.डी. केली, पोस्टडॉकची दोन वर्षे इटलीत व तीन जर्मनीत काढली आणि आता जर्मनीतच शिकवते. त्यामुळे जे लिहिते आहे ते बहुतांशी स्वतः केलेले आणि काही स्वतः चुकलेले आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचा क्रम आधी उलटा करावा लागेल. फेलोशिपची नावे गोळा करून मग प्राध्यापक शोधायचा, असे आपल्याकडे बहुतेक जण करतात आणि मीही तेच केले. पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी मी ५२ अर्ज पाठवले. तिन्ही शिफारसपत्रे माझ्याच विभागातल्या तीन प्राध्यापकांची होती. त्यांपैकी एक तर बऱ्याच ठिकाणी मुदत उलटून गेल्यावर पोहोचले. एकाही ठिकाणाहून होकार आला नाही. पुढे निवड समित्यांवर बसल्यावर त्याचे कारण कळले. माझे निकाल चूक नव्हते, पण ज्यांनी ते वाचले आहेत आणि ज्यांच्या मताला त्या शाखेत वजन आहे, असे एकही माणूस माझ्या विभागाबाहेर नव्हते. गणितातल्या पोस्टडॉकच्या अर्जात शिफारसपत्र हाच कणा असतो, कारण समितीतल्या पाच-सहा जणांपैकी तुमच्या उपशाखेतला फार तर एक असतो आणि बाकीचे त्या पत्रांच्या आधारानेच मत बनवतात. म्हणून तुमचे काम खरोखर वाचलेला, तुमच्या विद्यापीठाबाहेरचा निदान एक गणितज्ञ मिळवणे हे पहिले काम. फेलोशिप कोणती, हे त्याच्या पाठोपाठ आपोआप ठरत जाते.

तो कसा मिळवायचा, यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण खानदेशातून आलेल्या मुलामुलींचे घोडे इथेच अडते. तुमच्या प्रबंधातले जे प्रमेय तुम्हाला सर्वांत मोलाचे वाटते, ते ज्या शोधनिबंधांवर उभे आहे त्यांची यादी करा, आणि ते निबंध गेल्या पाच वर्षांत कोणी पुढे नेले ते शोधा. झेडबीमॅथ ही गणिती निबंधांची ऑनलाइन सूची २०२१ पासून सर्वांना मोफत खुली आहे, त्यामुळे वर्गणीची अडचण येणार नाही. अशी पाच-सहा नावे निघाली की प्रत्येकाचा एक निबंध पेन घेऊन वाचा. मगच पत्र लिहा: दहा-बारा ओळींचे, ज्यात त्यांच्या अमुक पूर्वसिद्धान्तातले गृहीतक तुमच्या उदाहरणात कसे सैल करता येते किंवा का करता येत नाही, याविषयी एक नेमका प्रश्न असेल, आणि सोबत अर्काइव्हवर (छापण्याआधीचे निबंध सर्वांसाठी मोफत ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) टाकलेल्या तुमच्या एका निबंधाचा दुवा असेल. ‘आदरणीय महोदय, मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा आहे’ अशी पत्रे त्यांच्याकडे रोज येतात आणि ती कोणी उघडत नाही. अर्काइव्हवर पहिल्यांदा निबंध टाकताना त्या शाखेतल्या एखाद्या जुन्या लेखकाचे अनुमोदन लागू शकते. ते आत्ताच मिळवून ठेवा.

पत्रापेक्षाही भेट मोठी. इटलीतल्या त्रिएस्ते येथे अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेले आयसीटीपी हे सैद्धान्तिक भौतिकी व गणिताचे केंद्र विकसनशील देशांतल्या संशोधकांसाठीच आहे. तिथल्या कार्यशाळांना नोंदणी शुल्क नसते आणि निवडक सहभागींना प्रवास व निवासासाठी मदतही मिळते. फ्रान्समधील सिंपा ही संस्थाही विकसनशील देशांत अशाच कार्यशाळा भरवते. त्याआधी, अगदी याच वर्षी, टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि आयआयटी मुंबई यांच्या नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या एखाद्या प्रगत शिबिराला अर्ज करा. माझे नशीब उघडले ते त्रिएस्तेतल्या दोन आठवड्यांत. ज्या प्रश्नाचा अर्धा भाग मी सोडवला होता त्याच प्रश्नावर एक प्राध्यापक व्याख्यान देत होते. चहाच्या वेळी मी भीत भीत ते सांगितले, त्यांनी खडू हातात दिला आणि पुढचा दीड तास आम्ही फळ्यापाशी होतो. त्या वेळी माझे इंग्रजी अडखळत होते, पण फळ्यावरचे गणित अडखळत नव्हते, आणि त्यांना त्याच्याशीच कर्तव्य होते. सात महिन्यांनी माझ्यासाठी पहिले बाहेरचे शिफारसपत्र त्यांनीच लिहिले.

निबंधांविषयी दोन गोष्टी स्पष्टच सांगते. पैसे भरून आठ दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांत तुमचे काही छापले असेल, तर परिचयपत्रातली (सीव्हीतली) त्याची जागा मागे न्या आणि पुन्हा त्या वाटेला जाऊ नका. समितीला निबंधांची संख्या भुलवत नाही, त्या नियतकालिकाचे नाव मात्र खटकते. दुसरे म्हणजे, शुद्ध गणितात लेखकांची नावे आडनावाच्या वर्णक्रमाने देण्याची रीत आहे, त्यामुळे पहिले नाव मार्गदर्शकांचे की तुमचे यावरून कोणी काही ठरवत नाही. मात्र तुमच्या एकटीच्या नावाचा एक निबंध असणे फार उपयोगी पडते, मग तो अजून छापला गेला नसला तरी चालेल.

आता केव्हा, याबद्दल. तुमचे घड्याळ प्रबंध सादर करण्यापासून चालत नाही, ते मौखिक परीक्षेपासून चालते. आपल्याकडे परीक्षकांचे अहवाल येऊन मौखिक परीक्षा होईपर्यंत सहा महिने ते वर्ष सहज जाते, आणि तेवढ्यात अर्जांची एक फेरी हातची निघून जाते. युरोपीय संघाची मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप घ्या. तिची मुदत अलीकडच्या वर्षांत सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते आणि त्या दिवशी पीएच.डी. पूर्ण झालेली असावी लागते; मौखिक परीक्षा यशस्वी झाली असेल तर पदवीदान समारंभ व्हायचा असला तरी चालते. राष्ट्रीयत्वाची अट नाही. मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे, ही अट तुम्हाला आडवी येत नाही. पीएच.डी.नंतरचा संशोधनाचा अनुभव ८ वर्षांहून अधिक नसावा, आणि बाळंतपण किंवा संगोपनासाठी घेतलेला खंड त्यात धरला जात नाही, हे तुम्ही मुद्दाम लक्षात ठेवा. युरोपमधील फेलोशिप १ ते २ वर्षांची असते. मूळ प्रस्ताव १० पानांत बसवायचा असतो आणि त्याला १०० पैकी गुण मिळतात: शास्त्रीय गुणवत्तेला ५० टक्के, परिणामाला ३० आणि अंमलबजावणीला २० टक्के वजन. गणिती माणसे पहिल्या भागावर सगळी शक्ती खर्च करून उरलेल्या ५० टक्क्यांकडे दुर्लक्ष करतात. माझा पहिला प्रस्ताव नेमका तिथेच पडला. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी गुण पडले तर पुढच्या वर्षी त्याच संस्थेबरोबर अर्ज करता येत नाही, म्हणून कच्चा प्रस्ताव ‘पाहू या तर खरे’ म्हणून पाठवू नये. स्पर्धाही वाढत चालली आहे. २०२५ च्या फेरीत १७ हजारांहून अधिक अर्ज आले. पोलंड, चेकिया, पोर्तुगाल अशा काही देशांतली संस्था निवडल्यास त्याच अर्जावर युरोपीय संघाच्याच ईआरए या दुसऱ्या फेलोशिपसाठीही विचार होऊ शकतो, आणि या देशांत बीजगणिताची परंपरा चांगली आहे.

जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानची पोस्टडॉक फेलोशिप पीएच.डी.नंतर ४ वर्षांच्या आत मागता येते, ६ ते २४ महिन्यांची असते, आणि तिथे देशवार किंवा विषयवार कोटा नसतो. संशोधनाचा आराखडा तुमचा स्वतःचा असावा आणि यजमान प्राध्यापकांनी त्यावर सविस्तर मत लिहावे, अशी तिची रचना आहे. म्हणजे पुन्हा तोच, तुमचे काम वाचलेला बाहेरचा माणूस. जपानच्या जेएसपीएस या विज्ञान-प्रोत्साहन संस्थेच्या फेलोशिपमध्ये तर अर्ज यजमान प्राध्यापकच आपल्या संस्थेमार्फत करतात. पीएच.डी.नंतर ६ वर्षांची मर्यादा, १२ ते २४ महिने, महिना ३ लाख ६२ हजार येन. बॉनच्या माक्स प्लांक गणित संस्थेतही पोस्टडॉक घेतात, पण तिथली स्पर्धा जगातल्या सर्वांत कडक स्पर्धांपैकी आहे.

अमेरिकेविषयी थोडक्यात लिहिते. तिथले बहुतेक अर्ज मॅथजॉब्ज या एकाच संकेतस्थळावरून जातात, मुदती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतात आणि पद पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होते. एमआयटीचे मूर इन्स्ट्रक्टर किंवा हार्वर्डचे बेंजामिन पियर्स फेलो यांसारखी पदे परदेशी नागरिकांना खुली आहेत, पण नॅशनल सायन्स फाउंडेशनची गणितातील पोस्टडॉक फेलोशिप फक्त तिथल्या नागरिकांना व कायम रहिवाशांना मिळते. त्यामागे वेळ घालवू नका. बहुतेक पदांत शिकवणे असते, म्हणून शिकवण्याविषयीचे एक वेगळे शिफारसपत्र लागते आणि तिथे तासिका तत्त्वावरचा अनुभव खरोखर कामाला येतो. पोस्टडॉक सहसा जे-१ या विनिमय-व्हिसावर जातात. खर्च सरकारी निधीतून होत असेल तर नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू शकते, आणि ती लागू आहे की नाही हे व्हिसावर छापलेले असते. भारतातून नव्याने जाणाऱ्यांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जावर सप्टेंबर २०२५ मध्ये १ लाख डॉलरचे शुल्क लादले गेल्यापासून तो मार्ग पोस्टडॉकसाठी जवळजवळ बंद झाला. तुमच्या परिस्थितीत मी युरोपला पहिली पसंती देईन.

मौखिक परीक्षा आणि परदेशातले पद यांच्या मधल्या काळात घरी बसू नका. नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्सची पोस्टडॉक फेलोशिप, एएनआरएफ या केंद्र सरकारच्या संशोधन-निधी संस्थेची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप किंवा टीआयएफआर, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, चेन्नईची मॅथेमॅटिकल सायन्सेस संस्था यांतले एखादे पद मिळाले, तर एका वर्षात दोन नवी शिफारसपत्रे आणि एक सहलेखक मिळतो. घरच्यांच्या आग्रहाला माझे उत्तर हेच असेल. तासिका तत्त्वावरचे वर्ष संशोधनाच्या दृष्टीने कोरडे जाते, हे मी जवळून पाहिले आहे. आणि दुसऱ्याच्या पैशावर शिकण्यात कमीपणा वाटत असेल, तर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा शिलालेख त्यांना दाखवा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला, आणि निकुंभ राजघराण्याने त्याला दान दिले, अशी शके ११२८ ची नोंद त्यावर आहे. गणित करणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय आपल्याच भागात ८०० वर्षांपूर्वी कोणीतरी केली होती.

कुटुंबाच्या प्रश्नात पद पगाराचे आहे की विद्यावेतनाचे, हा भेद आधी समजून घ्या. मेरी क्युरीमध्ये साधारणपणे संस्था तुम्हाला नोकरीचा करार देते, सामाजिक विमा त्यातून कापला जातो आणि कुटुंब भत्ताही असतो. हुम्बोल्टचे विद्यावेतन असते. पती आणि मुलांसाठी भत्ता मिळतो, पण निवृत्तिवेतनाची वर्षे त्यातून जमा होत नाहीत. जर्मन विद्यापीठातले साधे पोस्टडॉक पद मिळाले तर सरकारी वेतनश्रेणी ई-१३ असते आणि विमा पगारातूनच जातो. पहिले दोन महिने अवघड असतात, कारण पगार महिनाअखेरीस येतो आणि घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो. म्हणून तेवढी शिल्लक घेऊनच निघावे. जर्मनीत कुटुंबासाठीच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराला काम करता येते, मात्र भाषा आल्याखेरीज चांगले काम मिळणे कठीण. म्हणून पतींनी भुसावळची नोकरी लगेच सोडू नये, बिनपगारी रजा मिळते का ते पाहावे. माझे मत असे की तुम्ही दोन महिने आधी जाऊन घर आणि बालवाडीची जागा पक्की करावी आणि मग दोघांना बोलवावे. वर्षभर लेकीपासून दूर राहून प्रमेये सुचत नाहीत.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. तुमच्या पदवी प्रमाणपत्रांवर माहेरचे नाव आहे आणि निबंधांवर सासरचे, असे तुमच्या पत्रावरून दिसते. पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, मुलीचा जन्मदाखला आणि पीएच.डी.ची अधिसूचना यांवरची स्पेलिंगे अक्षरशः जुळायला हवीत. माझ्या बाबतीत एका अक्षराच्या फरकापायी व्हिसा सात आठवडे अडला होता. निबंधांवर कोणते नाव कायम ठेवायचे ते आता ठरवा आणि नंतर बदलू नका. नगरपालिकेकडून जन्मदाखल्याची इंग्रजी मजकूर असलेली नवी प्रत काढून घ्या.

दिवाळीपूर्वी तुमच्या पाच नावांची यादी आणि संशोधन-आराखड्याचा दोन पानी मसुदा मला पाठवा. त्या पाचांपैकी कोणी माझ्या ओळखीचे निघाले तर त्यांना तुमचा निबंध वाचायला सांगेन, आणि मसुद्यावर लाल पेन चालवून आठवड्याभरात परत करेन. परीक्षकांची नावे विद्यापीठाकडे गेली का, हे मार्गदर्शकांना याच आठवड्यात विचारा.