५.५६ की ७.६२? पायदळाची रायफल निवडताना आधी काय बघावं

तुम्ही विचारलंय की पायदळासाठी सगळ्यात चांगली रायफल आणि कॅलिबर (गोळीची जाडी, मिलिमीटरमध्ये) कोणतं, आपल्या देशी इन्सास रायफलीची ५.५६ गोळी 'नुसती जखमी करते' म्हणून लष्कर ती सोडतंय हे खरं का, आणि अमेरिकेसारखी ६.८ आपणही घ्यावी का.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ रंगरूटांना हत्यार शिकवण्यात गेला, आता खानापूर तालुक्यात गावी असतो. बेळगावात रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे इकडे गावोगावी फौजी सापडतो आणि हा वाद पारावरसुद्धा रंगतो. वाद बहुतेक वेळा गोळीच्या ताकदीवरून सुरू होतो. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. जवान किती गोळ्या अंगावर घेऊन डोंगर चढणार? आणि दम लागलेला असताना, समोरून फायर येत असताना, किती अंतरावर त्याची गोळी खरोखर लागणार?

पहिली गोष्ट वजनाची. इन्सासचा एक राउंड, म्हणजे पितळी केस, आतली दारू आणि गोळी मिळून, सुमारे १२ ग्रॅमचा. एके-४७ आणि एके-२०३ मधला ७.६२×३९ सोळा-सतरा ग्रॅमचा. एसएलआर (इन्सासच्या आधीची आपली रायफल) आणि आताच्या अमेरिकन सिग ७१६ मधला ७.६२×५१ जवळपास २४ ग्रॅमचा, म्हणजे इन्सासच्या दुप्पट. २०० राउंड घेतले तर ५.५६ चे अडीच किलोच्या आत बसतात, ७.६२×५१ चे पावणेपाच किलोच्या पुढे जातात. मॅगझिनचं वजन वेगळं. दहा जणांच्या सेक्शनमध्ये हा फरक वीस-बावीस किलोंच्या वर जातो. १५-१६ हजार फुटांवर पाण्याची बाटलीसुद्धा जड लागते, तिथे वीस किलो म्हणजे काय, हे तिथे चढलेल्यालाच विचारा.

इथेच एक गैरसमज काढून टाकतो, कारण भरतीची तयारी करणारी पोरं मला हे नेहमी विचारतात. ७.६२ म्हणजे एकच गोळी नव्हे. आपल्याच फौजेत तीन वेगवेगळ्या ७.६२ आहेत : एकेची ३९ मिलिमीटर लांब केसची, एसएलआर आणि सिगची ५१ ची, आणि ड्रॅगुनोव्ह या स्नायपर रायफलीची ५४ ची, जिच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. एकीचा राउंड दुसरीत चालत नाही. एकेची गोळी सुमारे ८ ग्रॅमची, सेकंदाला ७०० मीटरच्या थोडी वर जाते. ५१ ची साडेनऊ ग्रॅमची, ८०० च्या वर जाते. इन्सासची जेमतेम ४ ग्रॅमची, पण वेग ९०० च्या आसपास. म्हणून एके १०० मीटरवर झिरो केलीत (नेम तिथे बरोबर बसवलात) आणि ३०० वर तशीच शिस्त, म्हणजे नेम, घेतलीत तर गोळी सुमारे दोन फूट खाली लागते. इन्सासची साधारण त्याच्या निम्मीच खाली येते. 'एके जोरात मारते' हे जवळच्या अंतरावर खरं आहे. लांबवर गोळीचा उतार धरून नेम वर घ्यावा लागतो आणि घाबरलेल्या माणसाला ते जमत नाही.

आता 'जखमी करते' याबद्दल. एक शत्रू जखमी झाला की त्याला उचलायला दोघं जातात, म्हणजे एका गोळीत तीन माणसं कमी, असं बराकीत सांगितलं जातं. हे ऐकायला पटतं, पण ५.५६ या कारणासाठी जन्माला आली नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी आपल्या जुन्या ७.९२ ची केस ३३ मिलिमीटरपर्यंत छोटी केली, कारण जवान ज्या अंतरावर खरोखर लढतो तिथे मोठी गोळी वाया जाते आणि तिचा धक्का ऑटोमॅटिक फायरमध्ये आवरत नाही. १९५२ च्या अमेरिकन अभ्यासानेही हेच सांगितलं : रायफलीची लढाई बहुतेक ३०० यार्डांच्या आतच होते. मग हलकी, वेगवान, आवरता येणारी गोळी हवी, तिथून ५.५६ आली. आपली एसएलआर म्हणूनच एकेक गोळी मारणारी ठेवली होती. ७.६२×५१ बर्स्टवर (घोडा एकदा दाबून लागोपाठ) मारली की दुसरी-तिसरी गोळी आभाळात जाते.

आणि ती फक्त जखमी करते हेही अर्धंच खरं. वेग पुरेसा असेल तर ५.५६ शरीरात आडवी होते, फुटते आणि जखम भयंकर होते. वेग कमी झाला, म्हणजे अंतर वाढलं किंवा नळी आखूड असली, की ती बारीक भोक पाडून आरपार जाते आणि समोरचा चालतच राहतो. 'एका गोळीत पडला' म्हणणारा आणि 'चार लागल्या तरी पळाला' म्हणणारा असे दोन्ही फौजी खरं बोलत असतात. दोघांची अंतरं वेगळी.

इन्सासवरचा राग मी समजू शकतो. कारगिलमध्ये थंडीत तिच्या प्लास्टिक मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या, तीन राउंडचा बर्स्ट बिघडल्याच्या आल्या, तेल डोळ्यांवर उडाल्याच्या आल्या. हे दोष घडणीचे होते, कॅलिबरचे नव्हते. नाव मात्र ५.५६ चं खराब झालं आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. उलट उदाहरण १९६२ चं घ्या. आपल्या जवानाच्या हातात .३०३ होती. गोळी ११ ग्रॅमची, ताकदीला तोड नाही. पण प्रत्येक गोळीला बोल्ट ओढायचा आणि समोर चिन्यांकडे सेल्फ लोडिंग हत्यारं. मोठी गोळी हातात असून उपयोग झाला नाही.

मग चांगलं कोणतं? आमच्या एका बेळगाव जिल्ह्यातच दोन उत्तरं आहेत. जांबोटीहून कणकुंबीकडे पावसाळ्यात जा. झाडी अशी की पन्नास पावलांपलीकडचा माणूस दिसत नाही, वर पाऊस थांबत नाही, नळीत रात्रीतून गंज धरतो. तिथे मला ७.६२×३९ ची एके द्या. चिखल सहन करते, फांद्यांतून जाताना गोळी त्यातल्या त्यात कमी भरकटते, तीस राउंडचं मॅगझिन आहे. आता तसंच पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडे या. काळी रानं, पिकं निघाली की किलोमीटरभर उघडं. तिथे एके घेऊन बसलेला माणूस ३०० मीटरपलीकडे नुसता बघत राहील. तिथे ७.६२×५१ हवी, दुर्बीण लावून.

लष्कराने साधारण असंच केलंय. २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ मागवल्या. तिचा मारा ६०० मीटरच्या आसपासचा, आणि ताबारेषेवर अंतरं लांब असतात. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कोरव्याच्या कारखान्यात ६,०१,४२७ एके-२०३ बनवण्याचा करार झाला. तिचा परिणामकारक पल्ला सरकारने ३०० मीटर सांगितला आहे आणि घुसखोर-दहशतवादी कारवाईला तो पुरतो. सगळ्या पायदळाला एकच रायफल द्यायची असती तर मी मधली, ७.६२×३९ ची गोळी निवडली असती आणि सेक्शनमागे एक-दोन चांगल्या नेमबाजांना ७.६२×५१. एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगनसुद्धा ५१ चीच हवी. १६,४७९ इस्रायली नेगेव्ह मागवल्या त्या त्याच गोळीच्या, हे मला पटलं. याची किंमत रसदीला मोजावी लागते. एकाच पलटणीत तीन-चार प्रकारचे राउंड वर पोचवायचे, आणि रात्रीच्या अंधारात चुकीची पेटी चुकीच्या पोस्टवर गेली तर ती पोस्ट रिकामी. कागदावर रायफली निवडणाऱ्याने एकदा क्वार्टरमास्टरच्या हवालदाराशी बोलावं.

आमच्या रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे यांची गोष्ट सेंटरमध्ये प्रत्येक रंगरूटाला माहीत असते. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, ग्रेनेडने गन बंद पाडली, टॉमीगनने (हातातल्या छोट्या ऑटोमॅटिक गनने) एकाला मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. लगेच शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायफलींची तुलना वाचताना मी मॅगझिन किती राउंडचं, किती चटकन बदलतं, हातमोजे घालून बदलता येतं का, हे कॅलिबरच्या आधी बघतो.

त्याहून महत्त्वाची दुर्बीण. साध्या शिस्तीवर ३०० मीटरवरचा झोपलेला माणूस म्हणजे एक ठिपका. चांगली साइट आणि रात्रीची दुर्बीण मिळाली की तोच जवान, तीच रायफल, आणि लागणाऱ्या गोळ्या कितीतरी वाढतात. कॅलिबर बदलण्यावरचा खर्च आधी साइटवर आणि वर्षाकाठी प्रत्येकाला मिळणाऱ्या प्रॅक्टिसच्या राउंडवर व्हावा, असं माझं ठाम मत आहे.

राहिली ६.८. अमेरिकन लष्कराने एप्रिल २०२२ मध्ये ६.८×५१ निवडली, मुख्यतः लांबचा पल्ला आणि चिलखत भेदण्यासाठी. गोळी जबरदस्त आहे. पण वीसच्या सात मॅगझिन म्हणजे १४० राउंड, जिथे त्यांचा जवान आधी २१० नेत होता. रायफल सायलेन्सर लावून साडेचार किलोच्या जवळ जाते. चिलखताचं म्हणाल तर ते भेदण्यात कॅलिबरइतकाच गोळीच्या आतल्या पोलादाचा आणि वेगाचा वाटा असतो. पक्क्या प्लेटवर साधी ७.६२×५१ सुद्धा थांबते. अमेरिकेची रसद ट्रक आणि हेलिकॉप्टरने वर जाते. आपल्या कितीतरी पोस्टवर ती आजही खेचरांच्या आणि पोर्टरांच्या पाठीवरून जाते. कोरव्याच्या रायफली पलटणींत पोचतायत, त्यांचे राउंड देशात बनतायत. अशा वेळी चौथ्या-पाचव्या कॅलिबरची भर घालू नये. त्याऐवजी सध्याच्या ७.६२×५१ साठी पोलादी गाभ्याचे चांगले राउंड बनवून सिगवाल्या नेमबाजांना आधी द्यावेत.