जाम गेटला सायकलवर पहिल्यांदा जातोयस ना, मग हे वाच
अरे, इंदूरहून महूमार्गे जाम गेटपर्यंत (घाटमाथ्यावरचा जुना दरवाजा) जो रस्ता आहे ना तो चढउताराचा आहे पण खरा घाट तो नाहीच, खरा घाट गेटच्या पलीकडे मंडलेश्वरकडे उतरतो, म्हणजे आधी मजेत खाली जायचं आणि दमल्यावर वर यायचं, इथेच नवीन पोरं फसतात. पहिल्या वेळी अर्ध्यातूनच वळ, काही बिघडत नाही.

गिअरचं आधी बघ. पुढे ५०-३४ दातांच्या चकत्या आणि मागे कॅसेटमध्ये (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच) सगळ्यात मोठी ३२ दातांची असेल तर बेस्ट, मागे २५ असेल तर गुडघे बोंबलणार. सुरुवातीला मुद्दाम हळू, बोलता येईल इतक्याच दमाने, उभं राहून पेडल फक्त वळणावर. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नकोस, वळणाआधी दाब आणि सोड. दोन बाटल्या पाणी, एकीत मीठ-साखर. पोहे निघताना खा पण पोटभर नको (जिलबी परतल्यावर!).

दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधला, माळवा-निमाडच्या वाटेवर, फोटो काढच. फक्त पावसाळ्यातला रविवार टाळ, धुकं आणि गाड्यांची गर्दी, सायकलला जागाच नसते.