सुट्टीत ८४ पानं लिहिली, आता एक वर्ष कॉलेज सोडू का?

प्रश्न: मी मानखुर्दला राहते. एस.वाय.बी.कॉम.ची परीक्षा दिली आहे. बाबा वाशीच्या फळबाजारात माथाडी कामगार आहेत. या सुट्टीत मी कादंबरीची ८४ पानं लिहिली आणि गोष्टींबद्दल जे जे मनात आलं ते एका वहीत टिपत गेले. वही आणि पानं, दोन्हीच्या प्रती पाठवत आहे. टी.वाय. एक वर्ष पुढे ढकलून कादंबरी पूर्ण करावी असं वाटतं. आई म्हणते, सीए कर. बाबा काहीच म्हणत नाहीत. लेखनावर पोट भरतं का? त्याचं शिक्षण कुठे मिळतं?

प्रिय मुली,

वहीतल्या प्रत्येक नोंदीवर तू तारीख घातली आहेस, हे फार बरं केलंस. परीक्षा संपल्यापासून ८ मेपर्यंत तुझा अख्खा दिवस मोकळा होता. त्या दिवसांत ११ पानं झाली, तीही तीनदा फाडून. ९ मेपासून तू पहाटे बाबांबरोबर बाजारात जायला लागलीस, गाळ्यावर आंब्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, लिहायला बसलीस आणि १ जूनपर्यंत ७३ पानं झाली. तू मात्र तक्रार केली आहेस की बाजारामुळे लिहायला दुपारचे दोनच तास उरतात. मला वाटतं, त्या दोन तासांनीच तुला लिहितं केलं. दिवसभर रिकामं बसलेलं माणूस एकेका वाक्याला कोर्टात उभं करतं. दोनच तास असले की पुढे जावं लागतं.

म्हणून वर्ष सोडू नकोस. वर्षभराची मोकळीक म्हणजे एप्रिलचे तेच दिवस बारा महिने.

आता १८ मेच्या नोंदीबद्दल. व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून पेटीचा भाव ठरवतात, शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही, पण बाबांना तो चेहऱ्यावरून कळतो, असं तू लिहिलंस. आणि खाली एकच ओळ: गोष्टसुद्धा अशीच असावी का, बोटं झाकलेली आणि चेहरा उघडा? ही ओळ वाचून मी वही खाली ठेवली आणि बराच वेळ तशीच बसले. लेखक व्हायचंय म्हणणारी पत्रं मला बरीच येतात. त्यात पुस्तक कसं छापतात हे विचारलेलं असतं, गोष्ट कशी चालते हे क्वचितच.

तुझी नायिका शिमल्याची चित्रकार आहे. तिला तिथेच राहू दे, लेखकाने फक्त आपल्या वस्तीवरच लिहावं असं मी अजिबात म्हणणार नाही. पण चाळिसाव्या पानापर्यंत ती मनातलं सगळं बोलून मोकळी होते, वाचणाऱ्याला ओळखायला काही उरतच नाही. मग पान ५२ वर ती रंगांच्या दुकानदाराचे पैसे चुकते करताना नोटा दोनदा मोजते आणि काही न बोलता निघून जाते. तिथे ती मला पहिल्यांदा दिसली. ते पान १९ मेचं आहे, रुमालाच्या नोंदीनंतरच्या दुपारचं. पात्रं ऐकत नाहीत अशी तुझी जी तक्रार आहे ना, त्यातलं निम्मं उत्तर याच पानावर आहे.

पोटाचं स्पष्टच सांगते. मराठी कादंबरीच्या काही शे प्रती निघतात, मानधन विक्रीच्या काही टक्के. त्यावर घर चालत नाही. कवी नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते, मग शिक्षक. कादंबरीकार अरुण साधू पत्रकार होते. नोकरी करून लिहिणं ही आपल्याकडे कमीपणाची गोष्ट कधीच नव्हती. मालिकांमध्ये पैसे आहेत. कथाविस्तार, पटकथा आणि संवाद यांचे लेखक तिथे बहुधा वेगवेगळे असतात आणि संवाद लिहिणाऱ्यांची गरजही असते. पण रोजचा भाग रोज द्यायचा, म्हणजे कादंबरीला लागणारी शक्ती संध्याकाळपर्यंत खर्च झालेली. कादंबरी पुरी होईपर्यंत तू तिकडे वळू नयेस असं माझं मत आहे.

आईचं म्हणणं मी उडवून लावत नाही, तिला घराचं दिसतंय. पण सीए अर्ध्या मनाने होत नाही. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, दोन वर्षांची, ऑडिटच्या दिवसांत घरी यायची वेळ नक्की नसते, वर परीक्षा. तुझ्या पत्रात सीएची ओढ मला कुठेच दिसली नाही. सरकारी बँकांच्या लिपिक परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, वय २० ते २८. पट्ट्या लिहून तुझा आकड्यांचा हात बसलेला आहेच. काउंटरवर रोज माणसं समोर येतील, ही तुझ्या दृष्टीने मोठी कमाई. आईशी या वाटेबद्दल बोल.

शिक्षणाचं म्हणशील, तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेतल्या पटकथालेखनाच्या अभ्यासक्रमालाही पदवी लागते, म्हणजे टी.वाय. इथेही आड येतंच. तोवर कुर्ल्याला गाडी बदलून दादरला उतर आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. १८९८ सालापासूनची संस्था आहे. नुसतं वाचू नकोस. आवडलेल्या कादंबरीतलं एक प्रकरण हाताने उतरवून काढ आणि लेखकाने काय सांगायचं टाळलंय ते समासात लिही.

आणखी एक काम याच महिन्यात कर. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे नव्या लेखकांची कितीतरी नावं दिवाळी अंकांतून पुढे आली. साहित्य पावसाळ्यातच गोळा होतं. पान ४८ ते ६० वेगळं काढ, शिमल्याच्या हवेचं वर्णन काप, स्वतंत्र कथा म्हणून सुवाच्य करून पाठव. साभार परत आली तर दुसरीकडे पाठव.

टी.वाय. सुरू झालं की दुपारचे तेच दोन तास राख. लेक्चर असेल त्या दिवशी रात्री, पण दोनच.

बाबा काही म्हणत नाहीत, असं तू लिहिलंस. त्यांना पान ५२ वाचून दाखव. चेहऱ्यावरून आकडा ओळखायचं त्यांच्याकडूनच तुझ्या वहीत आलंय आणि हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.