अपिलासाठी प्लॉट विकू का?

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. २०१९ सालच्या भांडणाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने त्यांच्या पतीला जुन्या दंड संहितेच्या कलम ३०७ (खुनाचा प्रयत्न) खाली सात वर्षांची शिक्षा आणि २५,००० रुपये दंड सुनावला. निकालाला २६ दिवस झाले. पती हिंगणा एमआयडीसीत कामाला होते, आता मध्यवर्ती कारागृहात आहेत. ताई खाजगी शाळेत शिकवतात, पगार २२,०००. घरकर्जाचा हप्ता धरून महिन्याचा खर्च २८,०००. त्यांच्या नावावर सहा लाखांची एफडी आहे, ती पाच महिन्यांनी पूर्ण होईल. शिवाय सात तोळे सोनं, पाचवीतल्या मुलीचं सुकन्या खातं आणि बेसा भागात आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर) न मिळालेला एक प्लॉट. हायकोर्टातल्या अपिलासाठी वकिलांनी पाच लाख एकरकमी मागितले आहेत. दीर म्हणतात, प्लॉट विकून टाका.

ताई, अपील करायचंच, आणि लवकर करायचं. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात जायला ६० दिवसांची मुदत असते, म्हणजे तुमच्याकडे ३४ दिवस उरलेत. तुरुंगवासाची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत फुकट मिळते. ती घरी आली नसेल तर उद्याच त्यामागे लागा. मुदत टळली तर विलंब माफ करा म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईलच असं नाही.

आता त्या पाच लाखांकडे बघू. अपिलाचं काम दोन टप्प्यांत होतं. आधी अपील दाखल करायचं आणि त्यासोबतच शिक्षेला स्थगिती व जामीन मागायचा. अंतिम सुनावणी त्यानंतर. त्यासाठी खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड येतं, पेपर बुक (खटल्याच्या कागदपत्रांचा संच) तयार होतं, आणि माणूस जामिनावर बाहेर असेल तर नंबर लागायला वर्षं जातात. त्या सुनावणीचे पैसे आजच देऊन टाकायचं काही कारण मला दिसत नाही. तुमच्या घरासाठी पहिला टप्पाच लाखमोलाचा आहे, कारण स्थगिती मिळाली तर माणूस घरी येतो, कामाला लागतो. ठराविक मुदतीच्या शिक्षेत स्थगितीचा अर्ज उदारपणे पाहावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगून ठेवलं आहे. तुमच्या प्रकरणात पुरावा काय म्हणतो ते वकिलांकडून समजून घ्या.

तुमच्या पत्रात एक आकडा नव्हता, तो मी मांडतो. दर महिन्याला घराला ६,००० रुपये कमी पडतायत. पाच वर्षं असंच चाललं तर ३,६०,००० होतात. एफडीतले पाच लाख फीत गेले तर उरलेला एक लाख ही तूट सतरा महिनेही भरणार नाही. म्हणून वकिलांची फी आणि घराची तूट एकाच कागदावर लिहा.

प्लॉट आत्ता विकू नका. आरएल नसलेल्या प्लॉटवर गिऱ्हाइकाला बँकेचं कर्ज मिळणं अवघड, म्हणजे रोख मोजणाराच येणार. तुमची घाई त्याला कळली की तो भाव पाडणार. शिवाय जामीन झाला की जामीनदार लागतो आणि त्याची ऐपत कागदावर दाखवावी लागते. हा प्लॉट त्यासाठी चालेल का, ते वकिलांना विचारा. चालत नसेल तर दीरांनी स्वतःची मालमत्ता दाखवून जामीनदार व्हावं. आज त्यांच्याकडून हीच मदत सर्वात मोलाची आहे.

पैसे देण्याआधी सिव्हिल लाइन्समध्ये हायकोर्टाच्या विधी सेवा उपसमितीकडे जाऊन या. कोठडीत असलेल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अपिलासाठी कैद्याला मोफत वकील द्यायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात सांगितलं. फुकटचा वकील म्हणजे कमी प्रतीचा, ही समजूत मनातून काढून टाका. मात्र पॅनेलवरचा कोणता वकील मिळेल हे तुमच्या हातात पूर्णपणे नसतं. खाजगी वकीलच हवा असेल तर नागपूर खंडपीठात फौजदारी अपिलं नेहमी चालवणाऱ्या आणखी एकाला तरी भेटा. फी टप्प्याटप्प्याने ठरवा, टायपिंग-झेरॉक्सचा खर्च त्यात आहे का ते विचारा आणि सगळं लिहून घ्या. पहिल्या टप्प्याला दंडासकट दीड लाखाच्या वर जाऊ नका. दंडाला स्थगिती मागता येते, आणि तो भरावा लागला तरी अपिलाचा हक्क जात नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की ओळखीचा एक जण दोन लाखांत ‘वरून काम करून देतो’ म्हणतो. ताई, हात जोडून सांगतो, त्याला एक रुपयाही देऊ नका. असे पैसे परत मिळत नाहीत, आणि पतीसोबत तुम्हीही गुन्ह्यात अडकाल. ‘निकाल लागला तरच फी’ असं कोणी वकील म्हणाला तर तिथूनही उठा, निकालावर फी ठरवायला वकिलांना मनाई आहे.

दीड लाखासाठी एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून बँकेकडून उचल घ्या. एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज पडेल, पण पाच महिन्यांचाच प्रश्न आहे. मुदत पूर्ण झाली की ते फेडून सुमारे साडेचार लाख उरतील. त्यातले १,७०,००० घराच्या सहा महिन्यांच्या खर्चासाठी राखून ठेवा, कारण आता घर तुमच्या एकटीच्या पगारावर आहे. दीड लाख अंतिम सुनावणीसाठी, आणि उरलेल्या १,३०,००० मधून महिन्याची तूट भरा, एकवीस महिने निघतील. सोनं गहाण टाकू नका, त्याच्या व्याजाने तूट वाढेल. सुकन्या खात्यातले पैसे यासाठी निघतच नाहीत, वर्षाला किमान २५० रुपये भरून ते चालू ठेवा. पतीच्या विम्याचा हप्ताही चुकवू नका.

पतीच्या एकट्याच्या नावावर कुठलं खातं असेल तर वकालतनाम्यावर सही घ्यायला वकील कारागृहात जातील तेव्हाच मुखत्यारपत्राचंही विचारायला सांगा. दोन वकिलांचे आकडे हाती आले की मला कळवा, ओव्हरड्राफ्ट किती घ्यायचा ते तेव्हा पक्कं करू.