चेस्टनटची पोकळ फळे

प्रश्न : आमच्या न्यू जर्सीतील घराच्या परसात आधीच्या मालकांनी लावलेले एक मोठे झाड आहे. शेजारी त्याला चेस्टनट म्हणतात. पूर्वी आम्ही त्याची फळे भाजून खात असू. परंतु कुंपणापलीकडचे तसेच झाड दोन वर्षांपूर्वी तोडले गेले आणि तेव्हापासून काटेरी बोंडांतून नुसती चपटी, पोकळ टरफले निघतात. हे झाड नेमके कोणते, आणि त्याला खत कमी पडते आहे का? पान, डहाळी आणि बोंड यांची छायाचित्रे सोबत पाठवीत आहे.

उत्तर : प्रथम हॉर्स चेस्टनटची शंका दूर करू, कारण त्याचे बी विषारी असते. त्याचे पान आपल्या काटेसावरीसारखे, एका देठावर पंजासारख्या पाच-सात पर्णिका असलेले असते. तुमचे पान एकेरी, करवती काठाचे आहे आणि बोंडावर साळिंदरासारखे दाट काटे आहेत. म्हणजे हे खाण्याचेच चेस्टनट. अमेरिकन चेस्टनटचे पान मागून गुळगुळीत असते, तर तुमच्या पानाच्या मागे आणि कोवळ्या डहाळीवरही लव दिसते. त्यामुळे झाड चिनी किंवा त्याच्या संकराचे असावे. न्यूयॉर्कमध्ये 1904 साली आढळलेल्या बुरशीने अमेरिकन जातीची अब्जावधी झाडे मारली. चिनी जात तिला बऱ्यापैकी तोंड देते.

खताचा येथे संबंध नाही. चेस्टनटला स्वतःचे पराग चालत नाहीत. बोंड धरते, परंतु आत गर भरत नाही. तुमच्या झाडाला पराग पुरवणारे झाड शेजाऱ्यांचे होते, हे तुमच्या पत्रातच आले आहे.

जूनच्या उत्तरार्धात झाड फुलले, की दुसऱ्या चेस्टनटचे पिवळ्या परागांनी भरलेले ताजे तुरे आणावेत, आणि तुमच्या झाडावरील तुऱ्यांच्या बुडाशी असलेल्या, पांढऱ्या केसरांचा झुबका मिरवणाऱ्या इवल्या हिरव्या बोंडांवर ते हलकेच फिरवावेत. दोन-तीन दिवसांच्या अंतराने हे पुन्हा करावे. मोठ्या झाडावर शिडीच्या टप्प्यातल्या फांद्यांपुरतेच हे जमेल. कायमची सोय म्हणून 200 फुटांच्या आत दुसरे झाड हवे, मात्र तुमच्याच झाडाचे कलम नको. हापूसच्या कलमांप्रमाणे ती दोन्ही एकच झाड ठरतील.

रोप आणण्याआधी शेजाऱ्यांचा बुंधा पाहून यावा. चेस्टनट बुंध्यातून जोमाने फुटते, आणि त्यांनी एखादा धुमारा राखला, तर काही वर्षांत तुमचा जुना परागदाताच पुन्हा फुलेल.