मंडई बघायला पहिल्यांदा जाताय? मग आधी मान वर करा

पुण्यातल्या महात्मा फुले मंडईवर लिहायचंय म्हणालात, तर पहिल्या दिवशी वही-कॅमेरा घरीच ठेवा. सकाळी लवकर जा, मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभे राहा आणि फक्त वर बघा. तिथून चहूकडे पसरलेले पंख आणि उंच छप्पर नजरेत भरलं, की नकाशा आपोआप डोक्यात बसतो.

इतिहास इथूनच सुरू करा. मंडई होण्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरायचा. ही इमारत 1886 मध्ये खुली झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिचं नाव ‘रे मार्केट’ पडलं. आता खरी गंमत ऐका. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या बाजारावरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे मंडईला नाव मिळालं ते त्यांचंच! हा धागा सोडू नका, मला तर तो सगळ्यात मोलाचा वाटतो. बाहेरचा टिळकांचा पुतळाही पाहा, 1924 मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं.

वातावरण टिपायचं तर गाळ्यासमोर उगाच खोळंबू नका. पावशेर मिरच्या घ्या, मग बोला. गिऱ्हाईक झालात की भाजीवाल्या मावशी आपणहून जुन्या गोष्टी काढतात. फोटो मात्र विचारूनच.