मोठं सिम्युलेशन? आधी रिस्टार्ट जमव

भाऊ, नागपुरात बसून क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरवर) मोठं सिम्युलेशन चालवायचं आणि मधे बिघाड झाला तरी ते टिकवायचं म्हणतोयस, वाचून लय भारी वाटलं. सुरुवातीला फक्त चेकपॉइंट-रिस्टार्ट (रनची स्थिती मधूनमधून फाइलमध्ये सेव्ह करून तिथूनच पुन्हा सुरू करणं) पक्कं कर, कारण एमपीआयमध्ये (अनेक प्रोसेसना एकमेकींशी बोलू देणारी पद्धत) एक प्रोसेस मेली की डिफॉल्टने अख्खा जॉब बंद पडतो, हजार नोड (क्लस्टरमधले कॉम्प्युटर) असले तरी.

- जुन्या चेकपॉइंटवरच नवा लिहू नको. लिहिता लिहिता लाइट गेली (मे महिन्यात आपल्याकडे जातेच) तर दोन्ही गेले. वेगळ्या फाइलमध्ये लिही, पूर्ण झाली की मग नाव बदल.
- रँडम नंबर जनरेटरची स्टेट (तो कुठवर आलाय ते) पण सेव्ह कर, बरेच जण हेच विसरतात.

किती वेळाने सेव्ह करायचं त्याला यंग नावाच्या संशोधकाचं १९७४ चं सूत्र आहे, सेव्हला लागणारा वेळ गुणिले दोन बिघाडांमधला सरासरी वेळ, त्याची दुप्पट आणि मग वर्गमूळ. ५ आणि १००० मिनिटं धरली तर दर १०० मिनिटांनी.

आणि घरच्या पीसीवर रन मधेच किल करून बघ, रिस्टार्टनंतरचं उत्तर न थांबवलेल्या रनशी जुळतं का, त्याशिवाय क्लस्टरवर जाऊच नको. सिम्युलेशनमधल्या एकूण एनर्जीवर पण लक्ष ठेव, अचानक उडी मारतेय का ते बघ, कारण मेमरीतला बिट गुपचूप उलटला तर एरर येत नाही, आकडाच बिघडतो. चेकसमवाले मॅट्रिक्स (सोबत बेरजा ठेवून असली चूक पकडणारे) वगैरे नंतर बघू.